ड्रिपवाल्याच्या छातीतली नळी

संत्र्याचा आंबिया बहर धरायचा म्हणजे झाडाला आधी ताण द्यावा लागतो. डिसेंबरात पाणी बंद करायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि जानेवारीत ताण तोडला की झाड फुलावर येतं. महिना-दीड महिना बंद असलेलं ड्रिप त्या दिवशी चालू होतं, आणि त्याच दिवशी निम्म्या तालुक्याच्या ध्यानात येतं की आपल्या नळ्या चोकअप झाल्या. मग माझा फोन वाजायला लागतो. चांदूर बाजार तालुक्यात मी अठ्ठावीस वर्षांपासून ड्रिप बसवतो आणि दुरुस्त करतो. तालुक्याच्या वरच्या अंगाला संत्र्याचे बगीचे, खालच्या अंगाला पूर्णेचा खारपाणपट्टा. त्या कडेच्या बोअरचं पाणी एवढं जड की दोन हंगामांत ड्रिपरच्या तोंडाशी चुन्यासारखा पांढरा थर बसतो.

एवढं सांगायचं कारण, २०१८ च्या संक्रांतीच्या दोन दिवस आधी अशाच एका बगीच्यात लॅटरलची, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळ्यांची, टोकं उघडून फ्लश करताना मला हार्ट अ‍ॅटॅक आला. वय चव्वेचाळीस. त्यानंतरचे कित्येक महिने मी माझ्या छातीतल्या नळीबद्दल जे जे चुकीचं समजून चाललो, ते सगळं माझ्या धंद्यानं मला शिकवलेलं होतं.

वाकून एंड कॅप काढली आणि छातीवर कोणीतरी लॅटरलचं अख्खं बंडल टाकल्यासारखं झालं. टोचलं नाही, चमक निघाली नाही, नुसतं वजन. मग डाव्या जबड्यात कळ, दाढ दुखावी तशी. जानेवारीच्या थंडीत सदरा पाठीला चिकटला. आदल्या रात्री एका नवसाच्या रोडग्यांना गेलो होतो. वांग्याची भाजी, रोडग्यावर तूप, आणि मी काही हात आखडता घेतलेला नव्हता. त्यामुळे निदान माझं मीच करून टाकलं: पित्त. बगीचावाल्या काकांनी लिंबू-सोडा दिला. तो पिऊन झाडाखाली बसलो आणि, लिहितानाही लाज वाटते, पन्नीतला उरलेला अर्धा तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला. बरं वाटावं म्हणून.

तशीच मोटरसायकल काढून घरी आलो. बायकोनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे गॅस-बीस काही नोहे. तोंड पाहा आरशात तुमचं, राखडीवानी झालं." मी तरी ऐकतो कुठं. जवळच्या एका डॉक्टरकडे गेलो, त्यांनी गॅसचंच इंजेक्शन कमरेत दिलं आणि अर्धा तास पडून राहायला सांगितलं. अर्ध्याचा सव्वा तास झाला. (त्या इंजेक्शनच्या जागी पुढे तळहाताएवढं काळंनिळं झालं, कारण नंतर रक्त पातळ करणारी औषधं लागली.) तालुक्याला ईसीजी निघाला तेव्हा कागद पाहून तिथल्या मॅडमनी मला उठूच दिलं नाही. अ‍ॅस्पिरिन चावून खायला लावली, आणखी मूठभर गोळ्या दिल्या, आणि पुतण्याच्या बोलेरोतून आम्ही अमरावतीला निघालो. गोठलेलं रक्त विरघळवणारं इंजेक्शन शिरेतून सुरू झालं तेव्हा साडेतीन वाजले होते. दुखायला लागलं होतं साडेदहाला.

त्या पाच तासांचा हिशेब मी अजून फेडतो आहे. इकोत माझ्या हृदयाचं पंपिंग ४५ टक्के येतं, ते ५५ च्या वर असायला पाहिजे. रक्त न मिळालेला मांसाचा जो तुकडा त्या दुपारी मेला, तो काही परत येत नाही. म्हणून सांगतो, छातीवर असं वजन पंधरा मिनिटं टिकलं, सोबत घाम सुटला, कळ जबड्यात नाहीतर हातात उतरली, तर सोडा पिऊ नका आणि गाडी स्वतः चालवू नका. १०८ लावा आणि जिथे ईसीजी निघतो तिथे आधी जा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा पोटात अल्सर नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची एक गोळी वाटेतच चावून खावी, असं नंतर मला प्रत्येक डॉक्टरनं सांगितलं.

दोन दिवसांनी अँजिओग्राफी झाली. मनगटातून तार घातली. पडद्यावर माझ्याच हृदयावरच्या वाहिन्या तुरीच्या मुळांसारख्या दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, ही पुढची मोठी, आतून तीन-साडेतीन मिलिमीटर. मी मनात म्हटलं, आपली ड्रिपची मायक्रोट्यूब! तिथेच फुगा फुगवून स्टेंट, म्हणजे वाट उघडी धरणारी जाळीची नळी, बसवला, अठरा मिलिमीटर लांब. हा फुग्याचा उद्योग जगात पहिल्यांदा १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरनं केला, आणि सुरुवातीचे फुगे त्यानं आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून जोडले होते. हे पुढे मुलीकडून कळलं तेव्हा त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली. फिटरच होता म्हणायचा.

खाटेवर आल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, किती टक्के ब्लॉक होता?

"त्या दिवशी दुपारी शंभर. त्या दिवशी सकाळी विचारलं असतं, तर मी चाळीस-पन्नास म्हणालो असतो."

"दोन-चार तासांत एवढे क्षार बसले?"

ते हसले. "भाऊ, तुम्ही ड्रिपवाले ना? मग तुम्हाला समजवायला जरा वेळ लागेल." ईसीजीच्या कागदामागं त्यांनी पेननं एक गोल काढला, त्यात आणखी एक. तो कागद माझ्याजवळ अजून आहे.

रक्तवाहिनीची भिंत तीन थरांची असते. सगळ्यात आतलं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं. हे अस्तर नुसतं पडून नसतं, कामाला असतं. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून ते वाहिनीला सैल ठेवतं आणि रक्ताला भिंतीशी चिकटू देत नाही. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल याच शोधाला मिळालं. बीपी, साखर, तंबाखू यांनी हे अस्तर दुखावलं, आणि रक्तात एलडीएल कोलेस्टेरॉल जास्त असलं, की त्याचे कण अस्तराखाली शिरून भिंतीत अडकतात. तिथे ते बिघडतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. असा मलबा वर्षानुवर्षं साचतो. शरीर त्यावर एक कातडं धरतं. रक्ताची वाट सुरुवातीला बरीचशी मोकळीच राहते, कारण वाहिनी आधी बाहेरच्या अंगाला फुगते. आणि मग एखाद्या दिवशी ते कातडं फाटतं. आतला मलबा रक्ताला लागला की रक्ताची समजूत होते, जखम झाली. प्लेटलेट धावून येतात, आणि जखमेवर खपली धरावी तशी काही मिनिटांत आत गाठ तयार. माझी तशीच झाली.

मला आईचं माहेरचं घर आठवलं. ते ऐन खारपाणात. तिथल्या विटांच्या भिंतीला लोणा लागतो. पोळ्याला चुना मारला की भिंत नव्यासारखी दिसते, आतून क्षार तिला खात असतात. मग प्लास्टर फुगतं आणि एका रात्री परातीएवढा पोपडा धप्पकन खाली पडतो. आता पोपडा पडला त्या रात्री काही लोणा लागलेला नसतो.

अ‍ॅटॅकच्या आदल्याच महिन्यात गावात तपासणी शिबिर झालं होतं. माझा ईसीजी नॉर्मल आला होता आणि तो कागद फ्रेम करून लावायचाच बाकी होता. त्याबद्दलही विचारलं. डॉक्टर म्हणाले, स्वस्थ झोपलेल्या माणसाचा ईसीजी त्या वेळचं हृदय दाखवतो, भिंतीत मुरलेलं नाही. पट्ट्यावर चालवून काढतात त्या तपासणीतही वाट साधारण ७० टक्क्यांवर बुजलेली असली तरच धाप आणि दुखणं नीट पकडलं जातं. माझ्यासारखा पन्नास टक्केवाला तिथूनही हसत बाहेर पडला असता.

एवढं चित्र काढून समजावलं, तरी चौथ्या महिन्यात मी घाण केलीच.

व्हॉट्सअ‍ॅपवर तो काढा तुम्हालाही आला असेल. लिंबाचा रस, आल्याचा रस, लसणाचा रस, सफरचंदाचा सिरका, सगळं आटवून त्यात मध, आणि रोज सकाळी तीन चमचे. 'बायपास टळला' वगैरे. माझ्या साडूनं तर मोठी बाटलीच करून आणली. दुसरा कोणी असता तर कदाचित हसण्यावारी नेलं असतं. मी मात्र ती यादी वाचली आणि मला फारच पटली. लिंबू म्हणजे अ‍ॅसिड. सिरका म्हणजे अ‍ॅसिड. मी जन्मभर दुसरं काय केलं? ड्रिपर चुन्यानं भरले की आम्ही व्हेंच्युरीतून (पाण्यात औषध ओढून घेणारी जोडणी) हायड्रोक्लोरिक किंवा फॉस्फरिक अ‍ॅसिड सोडतो, शेवटच्या ड्रिपरचं पाणी पट्टीवर तपासतो, पीएच (आम्लपणाचं माप) चारच्या आसपास उतरला की सिस्टिम बंद करून रात्रभर तसंच ठेवतो, आणि सकाळी टोकं उघडली की पांढरं दुधासारखं पाणी बाहेर येतं. नळी मोकळी. शेतकरी खूश. मला वाटलं, आपल्यालाही सकाळी तसंच काहीतरी मोकळं होईल. काढा चालू केला. आणि काढा चालू आहे म्हणून, गोळ्यांनी पोट जळतं म्हणून, गोळ्या बंद केल्या. नऊ दिवस.

स्टेंट टाकल्यावर वर्षभर अ‍ॅस्पिरिनसोबत रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी असते. ती अशी मनानं सोडली तर स्टेंटमध्येच गाठ होऊ शकते, आणि ती झाली तर मामला फार वाईट. हे डिस्चार्जच्या कागदावर मराठीत लिहिलेलं होतं. बायकोनं दहाव्या दिवशी पाकिटं मोजली. त्यानंतर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. त्याच दुपारी तिनं मला अमरावतीच्या गाडीत बसवलं आणि साडूची बाटली पिशवीत सोबत घेतली, पुरावा म्हणून.

डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन पाहिली. रागावले नाहीत. म्हणाले, तुमच्या जठरात जे आम्ल आहे ना, त्याच्यापुढे हा सिरका म्हणजे पाणी. ते रोज पोटात असूनही रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या मध्येच राहतो, शरीर तो इकडचा तिकडे होऊ देत नाही. तुमच्या ड्रिपसारखा तो चारवर आणायचा म्हटलं तर त्याच्या कितीतरी आधी तुम्ही आयसीयूत, आणि तिथूनही पुढे. शिवाय धुवायचं काय? मलबा वाहिनीत नाही, भिंतीत आहे, अस्तराच्या मागं. मी म्हटलं, लोणा. ते अकोल्याकडचे, लगेच समजले. म्हणाले, हो, लोणाच. बाहेरून धुऊन जातो का?

बरं, लसूण वाईट नाही, लिंबूही नाही. भाजीत घाला, खा. गोळी सोडून पिऊ नका, एवढंच.

गोळ्यांपैकी रात्रीची एक स्टॅटिन आहे. तिची कथा मला आवडते, कारण ती धान्याच्या दुकानातून सुरू होते. अकिरा एंडो हा जपानी शास्त्रज्ञ शेतकऱ्याच्या घरातला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं कोलेस्टेरॉल रोखणारं काही बुरशीत सापडतं का म्हणून सहा हजारांवर सूक्ष्मजीव तपासले, आणि क्योतोतल्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. आपण तांदळाला बुरा आला की उकिरड्यावर फेकतो. ही गोळी यकृतातली कोलेस्टेरॉलची भट्टी मंद करते, मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. आलेला पोपडा ती काही गायब करत नाही. पण ओल थांबते, आणि वरचं कातडं जाड नि टणक होतं, फाटायचं राहतं. माझं एलडीएल त्या वेळी १५१ होतं. आता ६१ आहे. अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या माणसाचं ७० च्या खाली पाहिजेच, आजकाल ५५ च्या खाली आणा म्हणतात. पहिल्या स्टॅटिननं माझ्या मांड्या दुखल्या. तेव्हा मनानं बंद न करता (शहाणपण आलं होतं) डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी बदलली, संपलं.

आता खर्रा.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: सुपारी, तंबाखू, चुना, हे सगळं पन्नीत घालून पाटीवर घोटायचं, ओलसर झालं की रबर लावून खिशात. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ ची, पण खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. माझे दिवसाला सहा-सात व्हायचे. बिडी-सिगारेट मी कधी ओढली नाही, त्यामुळे दवाखान्यात 'स्मोकिंग?' विचारलं की छाती काढून 'नाही' म्हणायचो. धूर नाही म्हणजे हृदयाला काही नाही, तंबाखूनं झालाच तर तोंडाचा कॅन्सर होतो, अशी आमच्याकडे सर्रास समजूत. २००४ मध्ये 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास आला, ५२ देशांतला, आणि त्याचे प्रमुख सलीम युसूफ हे मूळचे केरळचे. त्या अभ्यासात चघळायच्या तंबाखूनंही अ‍ॅटॅकचा धोका वाढलेला दिसला. निकोटिननं नाडी आणि बीपी चढतं, वाहिन्या आकसतात, आणि खर्रा गालात तासभर बसून हे काम सावकाश करत राहतो. त्याच अभ्यासातून दुसरी एक गोष्ट पुढे आली, जी वाचून मी बराच वेळ गप्प बसलो: आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अ‍ॅटॅक बाकीच्यांपेक्षा पाचेक वर्षं आधी येतो.

खर्रा सुटला कसा, हे विचारू नका. तीनदा धरला, चारदा सोडला. शेवटी बडीशेप-जवसाची पुडी त्याच खिशात ठेवायला लागलो, कारण हात सवयीनं तिथेच जायचा. गडचिरोलीत 'मुक्तिपथ'वाल्यांनी गावोगावी तंबाखू विरोधात जे काम चालवलंय तसं आमच्याकडे कोणी चालवलं तर मी सकाळच्या पाळीला येईन.

बाबांचं सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. बाबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात अंडं शिवलं नाही. २००१ मध्ये तुरीच्या वावरात, बावन्नाव्या वर्षी गेले. लोक म्हणाले पुण्यवान माणूस, उभ्या उभ्या नेलं. डॉक्टरांनी माझ्या कागदावर लिहिलं: वडील, हृदयविकार, ५५ च्या आत. पुण्याचा उल्लेख नव्हता. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो घराण्याचा धोका धरतात. माळकऱ्याला कोलेस्टेरॉल कुठून, हा प्रश्न मीही विचारला. तर बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच तयार करतं, काहींच्या रक्तातच ते उपसायची रीत जन्मजात मंद असते, आणि बाकीचं आम्ही शाकाहारातही व्यवस्थित पुरवत होतो. बाबांच्या काळी प्रत्येक पंगतीतली बुंदी वनस्पती तुपात तळलेली असायची. त्यातल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आली तीच २०२२ च्या जानेवारीत. बाबा तंबाखू मळायचे. त्यांचं बीपी, मला आठवतं तसं, एकदाही कोणी मोजलं नाही.

माझं मोजलं तेव्हा १५०/९६ होतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. काही म्हणजे काही नव्हतं.

मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. तिनं एक सांगितलं ते मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोट्ट्याला सांगतो. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांचं शवविच्छेदन झालं, त्याचा अहवाल १९५३ मध्ये आला. सरासरी वय २२. शंभरातल्या ७७ जणांच्या हृदयाच्या वाहिन्यांत हा लोणा कमी-जास्त लागलेला होता. २२ वर्षांची, कवायत करणारी पोरं. म्हणजे मी चव्वेचाळिसाव्या वर्षी ज्याला 'अचानक' म्हणत होतो, ते बहुधा कॉलेजच्या टपरीवरच चालू झालं होतं.

खाण्याचं फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. आमच्या घरी काय बदललं ते सांगतो. तेल महिन्याला पाच किलो यायचं, आता तीन येतं. गोळाभातावर फोडणीचं तेल ओतायचं पळीनं, आता चमच्यानं, आणि हे लिहितानाही जीव तुटतो. सांडगी मिरची, पापड, लोणचं एका जेवणात तिन्ही एकत्र येत नाहीत, कारण मिठाचं माप दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि आमचा ठेचा एकटाच त्यातला बराचसा खातो. बसस्टँडवरचा आलूबोंडा बंद; कढईतलं ते काळं तेल मी आता डोळे उघडून पाहतो. ज्वारीची भाकर परत आली, अंबाडीची भाजी परत आली, जवसाची चटणी रोज असते. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा ओमेगा-३ जातीच्या स्निग्धाचा असतो, आणि हे पीक तर आपल्या वऱ्हाडातलं जुनं. पण जवसानं ब्लॉक खुलतो असं मी म्हटलं असं कुठे पसरवू नका.

चालणं हा वेगळाच वाद. 'आम्ही दिवसभर वावरात असतो, आम्हाला कायचा व्यायाम?' हे मीही म्हणायचो. खरं असं की मी वावरात मोटरसायकलवर जायचो, बांधावर उभा राहायचो आणि पोरांना सांगायचो कुठली टी जोडायची ते. आता रोज चाळीस मिनिटं, अंगाला घाम येईल इतकं चालतो. रक्त जोरात वाहिलं की आतलं अस्तर तो वायू जास्त सोडतं, म्हणून. वाहत्या पाण्याला शेवाळ धरत नाही तसं, असं म्हणणार होतो. पण पुन्हा नळीच झाली.

पैशाचं एक. दाखल होताना एका खिडकीवर आधी पन्नास हजार भरा म्हणाले, पुतण्या बसस्टँडवर जाऊन फोनाफोनी करत होता. नंतर कोणीतरी सरकारी योजनेच्या आरोग्यमित्राकडे पाठवलं. त्या वेळी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत पांढरं रेशन कार्ड चालत नसे, पण आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना सातबारा लावून घेत होते, आणि आपली अमरावती त्यात होती. बाबांच्या नावावरून माझ्या नावावर आलेल्या त्या दोन एकरांच्या सातबाऱ्यावर माझा स्टेंट बसला. स्टेंटच्या किमतीला सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्येच लगाम घातला होता, औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला होता. आमच्या आधी ज्यांनी दागिने विकून टाकले, त्यांची आठवण मला त्या वॉर्डात फार आली.

बायांचंही सांगून ठेवतो, कारण आमच्या आत्याच्या वेळी आम्ही चुकलो. तिच्या छातीत दुखलंच नाही. साखर होती, वय साठीच्या पुढं. दोन दिवस नुसती 'थकल्यावानी वाटते' म्हणत होती, मळमळ होती, चार पावलांत धाप. साखरेच्या माणसाला आणि बायांना असं बिनदुखीचंही येतं. आम्ही तिला ग्लुकोजची बाटली लावून आणली. ती त्यातून वाचली, पण अंगण झाडणं तिचं तेव्हाच सुटलं.

राहता राहिला माझा लहान भाऊ. माझ्याहून दहा वर्षांनी धाकटा, बगीचा तोच पाहतो. बाप गेला, भाऊ जाता जाता राहिला, तरी हा रक्त तपासायला तयार नाही. "दादा, मले काही होत नाही, काहून मागं लागता?" सात वर्षं हेच. मागच्या महिन्यात मी त्याच्याशी बोलणंच सोडलं, आणि त्याच्या बगीच्याचं ड्रिप दुरुस्त करायला पोरांना पाठवलं, स्वतः गेलो नाही. हे त्याला जास्त लागलं असावं.

आज सकाळी त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. परतवाड्याच्या लॅबचा कागद, फोटो जरा हललेला. एलडीएल १६८. खाली लिहिलंय, "दादा, हे लय आहे का?" तेव्हापासून त्याला तीनदा फोन लावला. उचलत नाही. कालच ताण तोडलाय, वावरात पाणी पाहत असेल.